तळावर वाजत राहणारा टाळ



माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पायी चाललेल्यांना समाज-आरती काय असते हे सांगायला नको. परंतु आमच्या वाशीम भागातले पुष्कळ वारकरी शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर जातात, कोणी गावच्या दिंडीबरोबर जातो, आणि हल्ली तर दशमीला एस. टी. ने थेट पंढरीत उतरणारेच अधिक. त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आजचा विषय त्या आरतीतच आहे. विषय आहे भांडणाचा. वारकऱ्याने भांडणाविषयी लिहावे हे काहींना रुचणार नाही. पण ज्या वाटेवर लाखो माणसे अठरा-वीस दिवस उन्हापावसात एकत्र चालतात, तिथे भांडण होत नाही असे म्हणणे म्हणजे वारी न पाहिल्याचे लक्षण होय.

संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, मधून पालखी आत नेतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याच्या तोंडचे नाव ऐकू येत नाही. मग चोपदार आपला चोप उंच धरतो आणि 'हो' अशी लांब आरोळी देतो. एका क्षणात सगळे टाळ थांबतात. तळावर सूचिपतन शांतता पसरते. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर त्या दिंडीचा टाळ थांबत नाही. हजारो टाळ गप्प झालेले, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात एकाच दिंडीचे टाळ वाजत आहेत. सगळा समाज मान वळवून तिकडे पाहतो. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, काय झाले ते विचारतो. कुणाची चालण्याच्या क्रमातली जागा घेतली गेली, कुणाला राहुटी ठोकायला जागा उरली नाही, कुणाचा अपमान झाला. तो ते ऐकून घेतो, मालकांच्या कानावर घालतो, निवाडा होतो, आणि त्या दिंडीचे समाधान झाले की तिचा टाळ थांबतो. मग हरवले-सापडले सांगतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती होते.

क्रम ध्यानात घ्यावा. आधी तक्रार, मग आरती.

ही शिस्त लावली ती श्रीगुरू हैबतबाबांनी. बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे, ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार. परंपरा सांगते की, धनद्रव्य घेऊन गावाकडे परतत असताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी धरले आणि गुहेत कोंडले. तिथून सुटका झाली ती हरिपाठाच्या बळावर, अशी त्यांची निष्ठा. ते गावी गेलेच नाहीत, आळंदीला येऊन माउलींच्या चरणी राहिले. इंद्रायणीकाठच्या त्या मंदिराच्या महाद्वारात आजही त्यांची पायरी आहे, आणि तिची पूजा झाल्यावाचून माउलींच्या प्रस्थानाचा सोहळा सुरू होत नाही.

त्यांच्या आधीची व्यवस्था निराळी होती. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीचा सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीला माउलींच्या पादुका त्याच पालखीत ठेवल्या जात, आणि 'ज्ञानबा-तुकाराम' असा गजर करीत दोन्ही संत एकाच पालखीतून पंढरीस जात. दीडशे वर्षांच्या आसपास हे चालले. पुढे देहूकर घराण्यात हक्कावरून वाद निर्माण झाले. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हे उकरण्यात आता काही अर्थ नाही. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींची पालखी वेगळी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्य यांची सेवा दिली, वासकरांसारख्या फडकऱ्यांनी साथ दिली, आणि आज आपण पाहतो तो सोहळा उभा राहिला.

म्हणजे आपण ज्याला वारकरी ऐक्याचे सर्वांत मोठे दर्शन म्हणतो, त्याच्या मुळाशी एक न मिटलेला घरगुती वाद आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट बाबांची दूरदृष्टी इथेच दिसते. हा मनुष्य फौजेतला. जिथे माणसे जमतात तिथे कुरबूर होणार हे त्याला ठाऊक होते. त्याने दिंड्यांना क्रम लावून दिला, निघण्यासाठी कर्ण्याचे इशारे ठरवले, रथापुढे कोण, रथामागे कोण हे नक्की केले. पण एवढ्यावर तो थांबला नाही. क्रम मोडला तर काय करायचे याचीही रीत त्याच सोहळ्यात बसवली. फौजी माणूस एरवी म्हणाला असता, तक्रार करील त्याला काढून टाका. इथे तक्रार करणाऱ्याला टाळ वाजवण्याचा अधिकार दिला.

आणि वेगळे होण्याविषयीही थोडे. वेगळे होणे म्हणजे वैर नव्हे. देहूची पालखी आपल्या वाटेने जाते, आळंदीची आपल्या वाटेने. दोन्ही पुण्यात येतात, पुन्हा फुटतात, आणि वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र होतात. वेळापूर आणि भंडीशेगाव यांच्या दरम्यान माउली आणि सोपानकाका यांची बंधुभेट होते, रथाला रथ लागतो, मानाच्या नारळांची देवाणघेवाण होते. ते पाहून माणसे रडतात. घरात दोन भाऊ वेगळे निघाले की आमच्याकडे म्हणतात, घर फुटले. चुली दोन झाल्या म्हणून घर फुटत नाही. भेटीची जागा आणि भेटीचा दिवस ठरवून ठेवला नाही म्हणजे फुटते.

आता समाज-आरतीतल्या त्या रीतीकडे पुन्हा येतो, कारण त्यात पुष्कळ बारकावे आहेत आणि मी इतक्या वर्षांत ते थोडेथोडे समजत गेलो.

पहिली गोष्ट, तक्रार सांगणारा ओरडत नाही. तो आधीपासून जे करीत होता तेच करीत राहतो, म्हणजे टाळ वाजवतो. बाकीचे थांबतात म्हणून त्याचे ऐकू येते. घरात नेमके उलटे घडते. सगळे बोलत असतात, म्हणून दुखावलेल्याला आवाज चढवावा लागतो, आणि मग आपण म्हणतो, 'पाहा, हा किती ओरडतो!' दुसरी गोष्ट, तक्रारवाल्याला पालखीसमोर बोलावीत नाहीत. चोपदार चालत त्याच्याकडे जातो. ज्याच्या हाती अधिकाराचा दंड आहे त्याने पावले टाकायची. तिसरी गोष्ट, तक्रार एकट्याची नसते, दिंडीची असते. मनात काही खुपले तर आधी आपल्या दिंडीत सांगावे लागते, विणेकऱ्याच्या कानावर घालावे लागते. निम्म्या तक्रारी तिथेच विरतात. ज्या विरत नाहीत त्या खऱ्या असतात. आणि चौथी, जी मला सर्वांत थोर वाटते: ताटकळतो तो देव. लाखोंचा समाज उभा आहे, पाय दुखत आहेत, पोटात अन्न नाही, तरी एका दिंडीचे समाधान होईपर्यंत आरतीला वाट पाहावी लागते. तक्रार उद्यावर टाकत नाहीत. उद्याचा मुक्काम वेगळा, उद्याची धूळ वेगळी.

पण आपल्याच परंपरेचे गोडवे गाऊन थांबलो तर ते अर्धे सांगणे होईल. एक टाळ असा होता, जो शतकानुशतके वाजत राहिला आणि त्याच्याकडे कोणी चोपदार गेला नाही.

चोखोबारायांचे देहावसान १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून झाले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. समोर. आत नव्हे. चोखोबांनी आपल्या अभंगांतून देवाला थेट विचारले आहे, भांडले आहेत, रडले आहेत. ते अभंग आम्ही कीर्तनात चालीवर म्हणत राहिलो, श्रोते डोळे पुसत राहिले, आणि चोखोबांच्या ज्ञातीचा मनुष्य पायरीपाशीच उभा राहिला. तक्रार इतकी गोड गायिली गेली की ती तक्रार आहे हेच आमच्या लक्षात राहिले नाही.

तो टाळ ऐकणारा मनुष्य आला १९४७ साली. साने गुरुजी. गुरुजींच्या उपोषणाची गोष्ट सर्वांना माहीत असते, परंतु उपोषणाच्या आधी ते काय करीत होते ते फार थोडे सांगतात. ते कित्येक महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले. गावातली विहीर मोकळी करा, देऊळ मोकळे करा, असे लोकांना विनवीत राहिले. पुष्कळ गावांनी ऐकले. ज्यांना पटले नाही त्यांच्याशी बोलत राहिले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि कुठे बसले? तनपुरे महाराजांच्या मठात. म्हणजे एका वारकरी महाराजांनी, गावातला विरोध डोळ्यांपुढे दिसत असताना, आपल्या मठाचे दार उघडले. मला वाटते, त्या दहा दिवसांच्या इतिहासात तनपुरे महाराजांना जितके श्रेय मिळायला हवे तितके आपण वारकऱ्यांनीच दिलेले नाही. महात्मा गांधींनाही ते उपोषण प्रथम पसंत नव्हते. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली, मंदिराचे दार सर्वांना उघडण्याचे ठरले, आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

आमच्या गुरुजनांच्या पिढीत या प्रश्नावर दोन तट होते. एकाच फडावर बसणारे, एकाच ताटात काला घेणारे लोक या एका गोष्टीवर एकमेकांशी अबोला धरून होते, हे मी लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. आज त्यांची नातवंडे त्याच दर्शनरांगेत उभी राहतात आणि पुढचा-मागचा कोण हे कोणी विचारीत नाही. उशिरा का होईना, टाळ ऐकला गेला. पण सहाशे वर्षांहून अधिक काळ लागला, हे विसरू नये.

आमच्या वाशीम जिल्ह्यातही असेच एक दार आहे. शेगावची पालखी पातूर, मेडशी करीत शिरपूरला येते आणि तिथून रिसोडकडे जाते. हे शिरपूर म्हणजे मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन, अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र. मूर्ती अधांतरी आहे अशी श्रद्धा. दुरून दुरून यात्रेकरू येतात. जैन बांधवांच्या दोन्ही पंथांचे, दिगंबर आणि श्वेतांबर, ते पूज्य स्थान. मी जैन नाही, त्या वादात माझे काही मत नाही, असू नये. शेजारी म्हणून जे पाहिले-ऐकले तेवढेच लिहितो.

१९०५ साली दोन्ही पंथांच्या जाणत्यांनी एकत्र बसून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. अमुक घटका यांच्या, अमुक घटका त्यांच्या. किती साधा आणि शहाणा तोडगा! दोघांनाही देव मिळत होता. पण थोड्याच वर्षांत मूर्तीच्या लेपावरून आणि तिच्या रूपावरून पुन्हा बिनसले, आणि १९१० साली प्रकरण अकोल्याच्या कोर्टात गेले. तिथून नागपूर, आणि नागपुराहून थेट लंडनची प्रिव्ही कौन्सिल. १९२९ साली तिथला निकाल लागला. शिरपूरच्या देवाचा निवाडा समुद्रापलीकडे बसलेल्या साहेबांनी केला. एवढे होऊनही वाद मिटला नाही. १९८१ साली सरकारने मंदिराला कुलूप घातले. त्यानंतर चाळीस वर्षांवर भाविक दाराच्या झरोक्यातून मूर्तीचे दर्शन घेत होते. त्या काळात जन्मलेल्या कित्येकांनी संसार थाटले, त्यांना मुले झाली, तरी दार उघडे असलेले त्यांनी पाहिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली कुलूप निघाले. आनंद झाला, आणि काही दिवसांतच पुन्हा बाचाबाचीच्या बातम्या आल्या.

मी कोणाला दोष देत नाही. न्यायालयाचे काम न्यायालय करते. ते कागद पाहते, हक्क कोणाचा ते सांगते. पण १९०५ साली जे लोक एका बैठकीला बसले होते, त्यांच्यानंतर तशी बैठक पुन्हा दरवर्षी, दर सहा महिन्यांनी बसत राहिली असती तर काय झाले असते, असा विचार शिरपूरवरून जाताना मनात येतोच. वेळापत्रक एकदा ठरवून भिंतीला लावले म्हणजे काम झाले असे माणसाला वाटते. हैबतबाबांनीही क्रम ठरवून दिलाच होता. तरीही त्यांनी रोज संध्याकाळी विचारायचे ठेवले.

हे मोठ्या क्षेत्राचे झाले. आपल्या गावचे पाहू.

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. वऱ्हाडात जेवढे कज्जे धुऱ्यावरून होतात तेवढे दुसऱ्या कशावरून होत नसतील. नांगराचे एक तास पलीकडे गेले, धुऱ्यावरचे बाभळीचे झाड तोडले, पाणी इकडे का काढले. तूर आणि सोयाबीन यांच्या मधली ती हातभर माती, तिच्यावर काही पिकत नाही, आणि तिच्यापायी दोन सख्खे भाऊ वीस-वीस वर्षे एकमेकांच्या दारात पाऊल टाकीत नाहीत. मयतीला येतात, पण खांद्याला दुसऱ्या बाजूने लागतात.

सरकारने २००७ च्या १५ ऑगस्टपासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. कल्पना उत्तम होती, गावाने आपले तंटे गावातच मिटवावेत. अनेक गावांत समित्यांनी खरोखर चांगली कामे केली, कोर्टातली जुनी प्रकरणे माघारी आणली. पण जिथे बक्षिसावर डोळा गेला तिथे तंटा मिटवण्याऐवजी तंटा दिसू न देण्याकडे कल झाला. एखादी सासुरवाशीण तक्रार घेऊन आली तर, 'बाई, यंदा गावाचं नाव आहे, थोडं थांब,' असे तिला सांगणारे मी पाहिले आहेत. समाज-आरतीत नेमके याच्या उलट आहे. तिथे टाळ वाजला म्हणून सोहळ्याचे नाव जात नाही.

आमच्या भागात आणखी एक रोग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढला आहे: एका गावात दोन सप्ताह. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन गट पडतात. मग एका गटाचा अखंड हरिनाम सप्ताह मारुतीच्या पारावर, दुसऱ्याचा शाळेच्या मैदानात. दोन मंडप, दोन भोंगे. इकडचा हरिपाठ तिकडच्या प्रवचनात मिसळतो. काल्याचे कीर्तनही दोन. अरे, काला म्हणजे काय? गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवणे. दोन काले कसे होतील? पण बुवा मंडळींनाही दोन्हीकडून बोलावणे येते, दक्षिणा मिळते, आणि आम्हीही फारसे विचारीत नाही. (हे वाचून काही कीर्तनकार मित्र रागावतील. रागवावे, पण उत्तरही द्यावे.)

अशा गावात गेलो की मंडळी आग्रह करीत, 'महाराज, कीर्तनातून त्यायले दोन शब्द सांगा.' मी ते कधी केले नाही, आणि तरुण कीर्तनकारांनाही माझे हेच सांगणे आहे. नारदाची गादी भांडण मिटवण्याची जागा नाही. कारण तिथे एकच जण बोलतो आणि दुसऱ्याला उत्तर देता येत नाही. हजार माणसांदेखत कीर्तनकाराने टोमणा मारला की ज्याला लागायचा त्याला लागतो, त्याची मान खाली जाते, लोक टाळ्या देतात, आणि वैर एक वीत आणखी खोल जाते. ज्याला बोलायचे असेल त्याने कीर्तन संपल्यावर, पागोटे उतरवून, त्या माणसाच्या ओसरीवर जावे.

तुकोबारायांनी हेच केले. मंबाजीची कथा महिपतीबुवांनी आपल्या ग्रंथात घेतली आहे, आणि ती बारकाईने पाहिली तर धुऱ्याच्याच भांडणाची कथा आहे. म्हैस बागेत शिरली, झाडे तुडवली. मंबाजीने वाटेत काटे लावले. विठोबाच्या दर्शनाला येणाऱ्यांना काटे टोचू लागले म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले, आणि मंबाजीने त्यांना काटेरी फोकाने झोडपले. रात्री कीर्तन उभे राहिले. रोज येणारा मंबाजी आला नव्हता. तुकोबा स्वतः उठून त्याच्या घरी गेले, मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणाले, त्याचे अंग रगडून दिले, आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले.

ही कथा आम्ही क्षमेची म्हणून सांगतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. ज्याने आपल्याला मारले तो आज जागेवर नाही, हे तुकोबांच्या लक्षात आले. अंगावर वळ असताना त्यांची नजर त्या रिकाम्या जागेकडे गेली. आणि उद्या सकाळी पाहू असे न म्हणता ते त्याच रात्री गेले.

तुकोबांचीच दुसरी गोष्ट भावांच्या वाटणीची. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली हे सारे जग सांगते. पण परंपरा असेही सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून त्यांच्या हाती दिली, आणि फक्त आपली बुडवली. वाटणीच्या बैठकीत बसलो की ही गोष्ट मी नेहमी सांगत असे. मोठा भाऊ म्हणतो, 'आपण कशाला जमिनीसाठी भांडायचं, सोडून देऊ.' सोडायचे ते आपले सोडावे. धाकट्याच्या वतीने, बहिणीच्या वतीने उदार होण्याचा अधिकार मोठ्याला नाही. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना 'बहीण देवमाणूस आहे हो' म्हणणारे भाऊ मी फार पाहिले.

याच कारणाने नाथबाबांची एक कथा मी अलीकडे जपून सांगतो. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, ती. नाथांची शांती अलौकिकच. पण ही कथा गावात कोण कोणाला सांगतो हे पाहावे. सासू सुनेला सांगते, मालक सालदाराला सांगतो, बाप म्हणतो तोंड मिटून राहा. थुंकणाऱ्याला कोणी सांगत नाही. सोसणे हे संतांनी स्वतःसाठी निवडले होते, दुसऱ्यावर लादले नव्हते.

मग बोलावे कसे? यासाठी मुक्ताईकडे पाहावे. ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर उभी होती ती सर्वांत धाकटी बहीण. ताटीचे अभंग ज्यांनी पाठ केले असतील त्यांनी त्यातला क्रम पाहावा. तिने 'तुझे चुकले' असे म्हटले नाही, की 'लोक वाईटच आहेत' असे म्हणून भावाचा राग वाढवला नाही. तू कोण आहेस याची त्याला आठवण दिली. ताटी बाहेरून मोडता आली असती, गवताचीच ती. तिने मोडली नाही. आतून उघडेपर्यंत ती बाहेर बोलत राहिली. अबोला धरलेल्या माणसाशी बोलण्याची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. दाराबाहेर उभे राहावे लागते, आणि आपण वयाने लहान असलो तरी चालते.

रिसोड तालुक्यातल्या एका गावात एक वृद्ध विणेकरी होते, आता हयात नाहीत. सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यांची यादी तेच करीत. गावात ज्या दोघांचा अबोला असेल त्यांचे पहारे ते मुद्दाम लागोपाठ लावीत, तेही रात्री दोन वाजता. त्या वेळी मंडपात कोणी नसते. वीणा खाली ठेवता येत नाही, अखंड असते. पहिल्याने आपल्या गळ्यातली वीणा काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे, ही रीत मोडता येत नाही. म्हातारा कोपऱ्यात घोंगडी पांघरून झोपल्याचे सोंग करी. दोघांपैकी कोणी यादी बदलून मागितली तर म्हणे, 'आता शाईनं लिहिली ना बाबू.' सगळेच बोलू लागले असे नाही. काही नुसते पाया पडून निघून जात. पण दरवर्षी एखादी जोडी पहाटेच्या काकड्यापर्यंत पारावर बसलेली सापडे.

त्याच गावात पुढे निवडणुकीवरून दोन मंडप पडले होते. माझा गळा आता साथ देत नाही, कीर्तन सोडून बरीच वर्षे झाली, म्हणून मला दोघांपैकी कोणाचेच निमंत्रण नव्हते आणि त्यामुळे दोघांकडेही जाता आले. दोन्हीकडच्या चार-चार माणसांना सप्ताहाच्या आधी एका ओसरीवर बसवले. एकच विनंती केली, एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी हातात टाळ असल्यासारखे गप्प राहायचे. पहिल्या दिवशी दोन तास निवडणूकच निघाली. दुसऱ्या दिवशी कळले की मूळ राग निवडणुकीचा नव्हता. कित्येक वर्षांपूर्वी एका घरच्या म्हातारीच्या दशक्रियेला गावच्या भजनी मंडळाने दुसरीकडे कार्यक्रम आहे म्हणून येण्याचे टाळले होते. तो टाळ तेव्हापासून वाजत होता. ज्यांनी टाळले होते त्यांतले तिघे वारलेले. उरलेला एक जण उठला, त्या घरच्या मोठ्या मुलाच्या पाया पडला. काही बोलला नाही.

त्या वर्षी मंडप दोनच राहिले. वर्गण्या गोळा झाल्या होत्या, आचारी ठरले होते. काला मात्र मारुतीच्या पारावर एकच करायचा ठरला. आदल्या रात्री, भोंगा कोणाचा लावायचा यावरून पुन्हा तासभर वादावादी झाली. शेवटी भोंगा लावलाच नाही. दहीहंडी फुटली तेव्हा मागे बसलेल्या बायांना कीर्तन नीट ऐकू आले नाही, म्हणून त्या उठून पुढे आल्या आणि दोन्ही मंडपांच्या बाया एकाच सतरंजीवर दाटीने बसल्या.